ऐकायचा भूगोल: चौथ्या सत्राच्या कामाच्या नोंदी

९ डिसेंबर २०२४

विभागाच्या बैठकीत ठरलं. बी.ए. द्वितीय वर्षाच्या भूगोलासाठी या सत्रात पॉडकास्टचे भाग करायचे. काम माझ्याकडे. खर्चाला मंजुरी नाही. हाताशी विभागाचा जुना लॅपटॉप, माझा मोबाइल आणि एक कॉलर माइक.

प्राचार्यांना वाटत होतं, की मी माझे तास वर्गातच रेकॉर्ड करून चढवावेत. वेगळे कष्ट नाहीत आणि नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, फाइलमध्ये आकडाही भरघोस दिसेल. मी नको म्हटलं. पन्नास मिनिटांच्या तासात हजेरी असते, मागच्या बाकावरच्यांना दटावणं असतं, आणि नकाशावर काठी ठेवून दहादा म्हटलेलं "हे इथं बघा" असतं. घरी ऐकणाऱ्याला हे 'इथं' कुठून दिसणार?

आयर्लंडच्या लिमरिक विद्यापीठातल्या ऑलिव्हर मॅकगार यांनी २००९ मध्ये उच्च शिक्षणातल्या पॉडकास्टचा आढावा घेतला होता. त्यांनी वापराच्या तीन तऱ्हा केल्या आहेत: तासाच्या जागी, तासाला जोड म्हणून, आणि विद्यार्थ्यांनी स्वतः केलेले. पहिल्या दोन सर्रास दिसतात, तिसरी क्वचित. मला दुसरी धरायची आहे. तिसरी जमली तर मार्चमध्ये.

१२ डिसेंबर

वर्गात चौकशी केली. निम्म्याहून जास्त पोरं एसटीनं येतात. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ, दोघं तर थेट जतकडून. फोन सगळ्यांकडे आहे, इअरफोन सगळ्यांकडे नाही. रोजचा डेटा संध्याकाळपर्यंत संपलेला असतो, त्यामुळे "मॅडम, सकाळी पाठवा" ही पहिली सूचना.

पॉडकास्टचं ॲप एकाच्याही फोनमध्ये नाही. "पॉडकास्ट म्हणजे यूट्यूबवर दोघं खुर्चीत बसून मोठे माइक लावून गप्पा मारतात, तेच ना?" असं एकीनं विचारलं. तिचं काही चुकलं नाही, आज तोच अर्थ रूढ आहे. वीस वर्षांपूर्वी मामला निराळा होता. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठानं २००४ मध्ये पहिल्या वर्षाच्या सुमारे १६०० विद्यार्थ्यांना आयपॉड वाटले होते, २००५ मध्ये ॲपलनं आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय केली, आणि नवा भाग आला की तो फीडमधून, म्हणजे मालिकेच्या नव्या भागांच्या यादीतून, आपोआप यंत्रात उतरायचा. ही आपोआप उतरण्याची सोय हाच त्याचा गाभा होता. आमच्याकडे ते काम वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप करणार. शिवाय ड्राइव्हवर एक फोल्डर, म्हणजे ग्रुपमधून फाइल उडाली तरी हाताशी राहील. ॲपच्या भरवशावर राहायचं नाही. गुगल पॉडकास्टसारखं ॲपसुद्धा २०२४ मध्ये बंद झालं.

जतच्या मुलाला मात्र लगेच उमगलं. "आमच्याकडं येरळावाणी लागतं की, तसंच ना?" जालिहाळचं सामुदायिक रेडिओ केंद्र. त्यानं शेतीचे कार्यक्रम ऐकलेत. वर्गात ऐकण्याची सवय असलेला हा एकच निघाला, तेव्हा त्याला मी पहिला परीक्षक नेमला.

१८ डिसेंबर

रेकॉर्डिंगची जागा शोधण्यात दुपार गेली. स्टाफरूम बाद, पंखा आणि चहा. प्रयोगशाळा बाद, रिकाम्या भिंतींमुळे आवाज घुमतो. शेवटी ग्रंथालयाच्या मागची खोली, जिथं बांधणीला जायची पुस्तकं आणि जुनी नियतकालिकं रचलेली आहेत. कागदांच्या थप्प्या आवाज पिऊन टाकतात. ग्रंथालयाचे मामा म्हणाले, "दार लावून घ्या, पण किल्ली माझ्याकडं." मान्य.

हंगामाचं मात्र काही करता येत नाही. गाळप चालू आहे. दर काही मिनिटांनी दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर उसाचं ओझं घेऊन रस्त्यानं जातो आणि त्यावरचा डेक आधी ऐकू येतो, ट्रॅक्टर मागून. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाचा नमुना घेऊन एकसारखी घरघर कमी करता येते, पण डेकवरचं गाणं एकसारखं नसतं, ते बोलण्यात मिसळलं की निघत नाही. म्हणून सकाळी साडेसातची वेळ धरली. ट्रॅक्टर तेव्हाही असतात, गाणी कमी असतात.

फाइलचा हिशेब: बारा मिनिटांचं मूळ रेकॉर्डिंग साधारण ६३ एमबी. तेच एका चॅनलचं, ६४ केबीपीएसचं एमपी३ केलं की पावणेसहा एमबी. बोलण्याला एवढं पुष्कळ झालं. स्टीरिओचा मोह टाळला.

२३ डिसेंबर

पहिल्या भागाचा विषय: टीएमसी आणि क्युसेक. पावसाळ्यात सांगलीत हे शब्द पानाच्या टपरीवरसुद्धा ऐकू येतात, पण साठा कुठला नि प्रवाह कुठला, यात परीक्षेत हमखास घोटाळा होतो.

मी आधी नोट्समधलंच वाक्य वाचलं: "कोयना धरणाची एकूण साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी असून एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट होय, तर विसर्ग हा क्युसेक म्हणजे घनफूट प्रतिसेकंद या एककात मोजला जातो." डोळ्यांना हे वाक्य नीट दिसतं. कानाला मात्र 'असून'पर्यंत पोचेस्तोवर पहिला आकडा निसटलेला असतो. वाचताना नजर मागं वळवता येते, ऐकताना बोटानं मागं सरकवावं लागतं, आणि चालत्या एसटीत ते कुणी करत नाही.

मग नव्यानं लिहिलं:

"बातमीत दोन शब्द येतात. टीएमसी आणि क्युसेक. टीएमसी म्हणजे साठा. धरणात पाणी किती आहे, ते. क्युसेक म्हणजे प्रवाह. दारातून दर सेकंदाला किती घनफूट पाणी बाहेर पडतंय, ते. आता समजा, एक लाख क्युसेक पाणी चोवीस तास सोडलं. किती टीएमसी गेलं? दिवसात सेकंद किती असतात, तिथून सुरू करा. फोन थांबवा. काढा."

इथं पाच सेकंद शांतता. मग उत्तर: दिवसाचे ८६,४०० सेकंद, गुणिले एक लाख, म्हणजे ८६४ कोटी घनफूट, म्हणजे ८.६४ टीएमसी. आणि त्याला जोडून पुढचा प्रश्न: याच वेगानं काठोकाठ भरलेली कोयना कागदावर किती दिवसांत रिकामी होईल? बारा दिवसांच्या थोडं वर. याचं उत्तर भागात द्यायचं नाही, दुसऱ्या दिवशी वर्गात चिठ्ठीवर लिहून घ्यायचं. ऐकलं का, हे मला असंच कळणार. किती जणांनी फाइल उतरवली या आकड्यावर माझा विश्वास नाही, उतरवून न ऐकलेली गाणी माझ्याच फोनमध्ये कितीतरी आहेत.

३ जानेवारी २०२५

परीक्षकाचा शेरा आला: "मॅडम, जरा दम घेऊन बोला की. वर्गात तुम्ही फळ्यावर लिहिता तेवढा वेळ आम्हाला मिळतो. हितं मिळत नाय."

अख्ख्या महिन्यातली सगळ्यात कामाची सूचना ही. खडू चालतो तेवढा वेळ वर्ग वही भरत असतो, डोकं पुढं सरकत असतं. आवाजात तो वेळ आपण मुद्दाम ठेवावा लागतो.

ओळखीच्या एक निवृत्त निवेदिका आहेत, आकाशवाणीवर आयुष्य गेलेल्या. त्यांच्याकडे विश्रामबागला जाऊन आले. त्यांनी माझी संहिता घेतली आणि पेन्सिलनं तिरप्या रेघा मारत गेल्या. एक रेघ म्हणजे श्वास, दोन रेघा म्हणजे थांबा. "आकड्यानंतर दोन रेघा. नेहमी. आणि कागद उलटायचा नाही गं, सरकवायचा. उलटला की माइकला वादळ वाटतं." मग म्हणाल्या, "श्रोतेहो म्हणू नकोस. एकच जण ऐकत असतो." तेव्हापासून 'विद्यार्थी मित्रांनो' काढून टाकलं.

एका पानाला आता साडेतीन मिनिटं लागतात, आधी अडीच लागायची.

२० जानेवारी

तासगावच्या गाडीत बसून भाग ऐकला, विनाइअरफोन आणि इअरफोन लावून. इंजिनाच्या घरघरीत माझ्या वाक्यांचे शेवट बुडतात. मराठीत क्रियापद शेवटी, म्हणजे नेमकं काय झालं तेच बुडतं. दोन उपाय केले. एक, वाक्याच्या शेवटी आवाज उतरू द्यायचा नाही. दोन, चढउतार दाबून सगळ्या फाइलची पातळी एकसारखी करायची. पॉडकास्टला स्टीरिओत उणे १६ लफ्स (कानाला जाणवणाऱ्या पातळीचं एकक) धरतात, एका चॅनलला उणे १९. ऑडॅसिटीत त्यासाठी तयार सोय आहे. पातळी एकदा ठरली की मागच्या भागाला आवाज वाढवा, पुढच्याला कमी करा, ही कटकट संपते.

कंडक्टरनं विचारलं, "काय ओ मॅडम, कीर्तन हाय काय?" क्युसेक म्हटल्यावर त्यांनी २०१९ च्या पुराची आठवण काढली आणि पुढचे दोन थांबे तोच विषय.

१२ फेब्रुवारी

बारावीची परीक्षा सुरू झालीय. खोल्या गेल्या, आम्ही पर्यवेक्षणाला, आमचे तास अर्ध्यावर. विभागातल्या सगळ्यांना आता एकदम पॉडकास्ट आठवलं. "तुमच्या त्या मालिकेत माझं एक युनिट घालता का?"

एक युनिट घेतलं: पर्जन्यछाया, म्हणजे डोंगराआडचा कमी पावसाचा पट्टा. हा विषय ऐकायला चांगला आहे, कारण त्यात प्रवास आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तिथून पूर्वेला जत-आटपाडीकडं यावं तर त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. समुद्राकडून आलेले बाष्पाचे वारे सह्याद्रीवर चढतात, थंड होतात, तिथंच मोकळे होतात. पलीकडं उतरताना हवा तापते, ढग विरतात. भागाची रचना तशीच केली: वाई, कराड, सांगली, कवठेमहांकाळ, जत, आणि प्रत्येक गावात पीक कोणतं, पाणी कुठलं. शेवटी टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांवर आणून सोडलं, म्हणजे निसर्गानं न दिलेलं पाणी चढावर नेण्याचा खटाटोप.

हा भाग तासाच्या जागी नव्हता, तासाच्या आधी होता. अर्धाच तास मिळाला तरी त्यात व्याख्या सांगत बसावं लागलं नाही, थेट वाद घालता आला: म्हैसाळचं पाणी आल्यावर जतच्या पूर्वेकडच्या गावांनी ऊस लावावा का? वर्ग तापला. कवठेमहांकाळवाले एका बाजूला, पलूसवाले दुसऱ्या. गेल्या वर्षी या युनिटला सगळे जांभया देत होते.

२० फेब्रुवारी

नकाशा प्रक्षेपणावरचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर कशी उतरवतात त्यावरचा, भाग अर्ध्यात सोडून दिला. शंकू, दंडगोल, अक्षवृत्तं, स्पर्शरेषा हे सगळं तोंडानं सांगायचं म्हणजे ऐकणाऱ्याच्या डोक्यात आकृती काढायची आणि लगेच पुसायची. सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषांचंही तेच. हे फळ्याचं काम आहे, फळ्यावरच राहू दे. ज्या भागाला आकृती लागणारच असेल त्याच्यासोबत एक पानाचं चित्र पाठवायचं आणि सुरुवातीलाच सांगायचं: "हे एसटीत ऐकू नका, टेबलापाशी बसून ऐका."

विभागप्रमुख सरांना हे पटलं नाही. त्यांना सगळी युनिटं झालेली हवी आहेत. तक्ता पूर्ण दिसला पाहिजे. बघू.

५ मार्च

तिसरी तऱ्हा सुरू. चार मुलींचा गट हरिपूरला गेला, हळदीच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खोल खड्ड्यांवर, भाग करायला. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते सगळ्यांना ठाऊक असतं. पेव बघितलेला मात्र गटात कुणी नव्हता.

त्यांनी आणलेलं कच्चं रेकॉर्डिंग तासाभराचं. बोलणारे आजोबा ऐंशीच्या घरातले, हयात हळदीच्या कामात गेलेली. मुलींनी प्रश्न लिहून नेले होते: "पेवाचे फायदे सांगा." आजोबांनी काहीतरी जेवढ्यास तेवढं सांगितलं. मग एकीनं कागद बाजूला ठेवून विचारलं, "आबा, आत उतरायचं कसं?" आणि तिथून ते सुटले. पेव उघडला की लगेच कुणी उतरत नाही, आतली हवा कोंदलेली असते. आधी कंदील दोरीनं खाली सोडायचा. ज्योत राहिली तर माणूस उतरवायचा, विझली तर थांबायचं. आत उतरलेल्या माणसाशी वरचा बोलत राहतो. बोलणं थांबलं की दोर ओढायचा.

हा तुकडा दीड मिनिटाचा आहे. त्यात जमिनीचा प्रकार आहे, पाणी न झिरपण्याचं कारण आहे, साठवणुकीचा अर्थव्यवहार आहे, आणि पुस्तकात यातलं काहीच एका जागी नाही. पुढं आबांनी २००५ च्या पुराचं सांगितलं, पाणी पेवांत शिरलं आणि माल गेला, त्यानंतर तो धंदाच मोडला. कृष्णा-वारणेचा संगम हरिपूरलाच, पाण्याला दुसरी वाट नव्हती.

तासाभराचे नऊ मिनिटं करायला मुलींना आठवडा लागेल. काय ठेवायचं यावरून भांडणं चालू आहेत. एकीला आबांचा खोकला काढायचा आहे, दुसरीला ठेवायचा आहे. मी मध्ये पडले नाही.

१० मार्च

अशा भागात ऐकणाऱ्यापेक्षा करणाऱ्याचा अभ्यास जास्त होतो, हे आता स्पष्ट दिसतंय. या चौघींना काल विचारलं, हरिपूरला पेवं का आणि मिरजेला का नाहीत? त्या मातीवर, नदीवर, बाजारपेठेवर बोलायला लागल्या आणि एकमेकींचं खोडून काढायला लागल्या. बाकीच्या वर्गानं भाग ऐकून "छान झालाय मॅडम" एवढंच म्हटलं. म्हणून पुढच्या वर्षी प्रत्येक गटाला एक भाग करायला लावावा आणि त्याला अंतर्गत गुणांत जागा द्यावी. श्रोते मिळोत न मिळोत.

बोलणाऱ्यांची परवानगी लेखी घेतली आहे. आबांना अक्षर लागत नाही, म्हणून परवानगीही रेकॉर्ड केली: कशासाठी, कुठं वाजेल, नाव घ्यायचं की नाही. नाव नको म्हणाले.

मुलींना मागं सिनेमातलं संगीत हवं होतं. नाही म्हटलं. कॉपीराइट कायद्यात वर्गातल्या शिकवण्यापुरती सवलत आहे, पण ही फाइल वर्गात थांबणारी नाही. त्याऐवजी संगमावर घाटाच्या पायऱ्यांशी पाण्याचा आवाज घेतला, तो सुरुवातीला आहे.

१५ मार्च

प्रत्येक भागाचा लेखी उतारा देणं सुरू केलं. फोनच्या व्हॉइस टायपिंगला आबांची भाषा झेपत नाही, 'पेव'चं सगळीकडे 'पेय' झालं आणि हळद प्यायला लागली. हातानं दुरुस्त केलं. उतारा हा दुय्यम ऐवज नाही. वर्गातल्या एकाला कमी ऐकू येतं, त्याच्यासाठी तोच मुख्य. बाकीचे परीक्षेआधी त्यातच शोधाशोध करतात.

आणखी एक. आमच्या वर्गात एक दृष्टिहीन विद्यार्थिनी आहे. तिचा फोन फाइलचं नाव वाचून दाखवतो. आमच्या फाइलींची नावं आकड्यांची, म्हणजे तिला प्रत्येक फाइल उघडून थोडी ऐकल्यावर कळायचं की ही कुठली. आता नाव असं: भाग क्रमांक, विषय, मिनिटं. "०४ पर्जन्यछाया ११ मिनिटं." पाच मिनिटांचं काम. ती म्हणाली, "आता मला कुणाला विचारावं लागत नाही."

७ एप्रिल

उजळणीचे दिवस. ग्रुपवर जुने भाग पुन्हा मागितले जातायत, बहुतेक जण दीडपट वेगानं ऐकतात. डिसेंबरात इतक्या कष्टानं घातलेले थांबे दीडपटीत गेले. हरकत नाही, दुसऱ्यांदा ऐकताना ते लागत नसावेत.

ब्रिटनमधले ख्रिस इव्हान्स यांचा २००८ चा अभ्यास याच टप्प्यावरचा होता: व्याख्यानं संपल्यावर, परीक्षेआधी, उजळणीचे पॉडकास्ट. सुमारे २०० विद्यार्थी होते. पाठ्यपुस्तकापेक्षा हे उजळणीला जास्त उपयोगी आणि स्वतःच्या नोट्सपेक्षा कमी वेळात होतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. पण ते विद्यार्थ्यांनी प्रश्नावलीत सांगितलेलं मत आहे, गुण नव्हेत. माझ्याकडेही 'आवडलं' भरपूर जमलंय, त्यावर मी फार विसंबत नाही.

अंतर्गत चाचणीच्या वह्या मात्र बघितल्या. टीएमसी-क्युसेकचा प्रश्न यंदा नीट सोडवलेला आहे, एककांची अदलाबदल क्वचित. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, हे सांगलीच्या पोरांना मुळातच पाठ असतं, ते पॉडकास्टच्या खात्यावर धरता येणार नाही. पर्जन्यछायेची उत्तरं लांबली आहेत, उदाहरणं गावातली आहेत. प्रक्षेपणाची उत्तरं नेहमीसारखीच. आणि जे मुळात तासालाच येत नाहीत, त्यांनी भागही ऐकलेले नाहीत. चिठ्ठ्यांवर त्यांची नावं कुठंच नाहीत. वर्गाबाहेरच्याला आवाज आत ओढून आणेल, ही बैठकीतली आशा मी आता धरत नाही.

२१ एप्रिल

आवराआवर. ड्राइव्हवर फोल्डर लावून झालं: एमपी३, उतारे, आकृत्यांची पानं, परवानग्या, मूळ रेकॉर्डिंग वेगळ्या डिस्कवर. जूनमध्ये जे कुणी घेईल त्याच्यासाठी दोन पानं लिहून ठेवली, त्यात ग्रंथालयाच्या मामांची वेळ आणि पेन्सिलीच्या रेघांची पद्धतसुद्धा आहे.

टीएमसीचा भाग जून उजाडताच सगळ्यांत आधी पाठवायचा, पाणी वाढायच्या आत. आकडे एकदा तपासून. प्रक्षेपण करायचं नाही, हे सरांना पुन्हा सांगितलं. ते हसले, हो म्हणाले नाहीत.

संपादनाला दोन विद्यार्थी लागतील. एका भागामागं तीन-चार तास जातात, ते फुकट करून घेणं बरोबर नाही. कमवा आणि शिका योजनेत त्यांना तास मिळावेत असा अर्ज आज कार्यालयात दिला. पोच घेतली आहे.